दोघांना कबूल केलेला कोंबडा

उपकार मानायचे कसे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत नको. मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि माझी मुलगी उतरून घेतेय. ती शाळेत शिकवते. मी काही भलतं बोललो की तिचा टाक थांबतो. मग मला कळतं की हे सांगायला नको होतं, आणि मी तेच जरा मोठ्यानं परत सांगतो.

गोष्ट वीस सालानंतरची आणि तीस सालाआधीची. नक्की साल विचाराल तर ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. रत्नागिरीच्या वरच्या कातळावर मी चिरेखाणीत कामाला होतो. जांभा दगड पहारीनं सोडवायचा, टिकावानं तासायचा आणि चौकोनी चिरा करायचा, एवढं काम. माझा चिरा चौकोनी कधी झाला नाही. मुकादम म्हणायचा, "तुझ्या चिऱ्यांचं घर बांधलं तर ते चालायला लागंल." तरी त्यानं मला काढलं नाहीन, कारण दुपारच्या भाकरीच्या वेळी मी नकला करायचो. चार माणसं हसली की पुढचं काम लवकर उरकतं, असं त्याचं गणित.

सगळ्यात जास्त मागणी गाऱ्हाण्याच्या नकलेला. आमच्या वाडीत सणाला मानकरी देवासमोर उभा राहून, हात जोडून, खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगतो. कुणाचं दुखतंय, कुणाचं काय अडलंय, कुणाचं काय चुकलं. तो एक वाक्य बोलला की सगळी वाडी एका आवाजात म्हणते, "व्हय म्हाराजा!" आमच्या लोकांना देवळाच्या पायरीपर्यंतही जायला नव्हतं. आम्ही लांब आंब्याखाली उभे राहायचो. पण "व्हय म्हाराजा" लांबूनही म्हणता येतं, त्याला विटाळ होत नाही. तिथं उभ्या उभ्या मी ते सगळं पाठ केलेलं.

आमच्या घरात ख्रिस्ती आधी बायको झाली. ती मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायला जायची. तिथं बायकांच्या वर्गात बसता बसता वाचायला शिकली, आणि एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "अवो, मी बाप्तिस्मा घेनार हाय."

मी म्हटलं, "घे. जेवायला काय?"

वर्षानंतर मीही घेतला. लोक विचारतात, कशानं पालट झाला? खरं सांगायचं तर रविवारी सकाळी ती मिशनच्या देवळात जायची आणि मी घरात एकटा बसून कंटाळायचो. तिथल्या पाळकबाबांनी मला मंडळीसमोर उभं करून विचारलंनी, सैतानाचा त्याग करतोस काय? मी म्हटलं, करतो. त्याच्या कामांचा? करतो. मग त्यांनी मायेनं विचारलंनी, "तुला काही विचारायचंय का?" मी त्याच दमात म्हटलं, "त्याचाही त्याग करतो." सगळी मंडळी हसली. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला की पाणी गार आहे. बायकोला मात्र वाटलं की मी डोळे मिटून प्रार्थना करतोय.

आता मुख्य गोष्ट. भादव्यात बायकोला ताप आला. दोन दिवस आम्ही पावसाळी ताप म्हणून सोडून दिला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई चढण चढून आमच्या खोपटात आली आणि म्हणाली, मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस तरी जाणार नाही, नुसत्या पेजेच्या पाण्यावर ठेव. मी एकवीस दिवस बायकोच्या उशाशी बसलो. म्हणजे बसलो असं म्हणायचं, खरी सोबत तिची एक कोंबडीच करत होती. कोंबडी येऊन बायकोच्या पायाशी बसायची आणि मी कोंबडीला हाकलायचो.

बसल्या बसल्या करायचं काय? प्रार्थना केली. मला शब्द सुचेनात. म्हणून जे येत होतं ते म्हटलं, "प्रभू, हिला बरं कर. उपकाराच्या सणाला तुला तुरेवाला कोंबडा देतो."

उपकाराचा सण आमच्या मंडळीत भात कापून झालं की कार्तिकात व्हायचा. त्या रविवारी ज्याच्याकडं जे पिकलं असेल ते त्यानं आणून टेबलापुढं ठेवायचं. कुणी नवं भात, कुणी नारळ, कुणी अंडी, कुणी कोहळा. आणि मग एकेकानं उठून यंदा देवानं आपलं काय केलं ते सांगायचं. तुरेवाला कोंबडा म्हणजे आमच्या घरातला एकच कोंबडा. तांबडा, काळ्या शेपटीचा, तुरा एका डोळ्यावर कललेला, मुंबईहून रजेवर आलेल्या चाकरमान्याच्या टोपीसारखा. बायकोनं त्याला अंड्यापासून वाढवलंन होतं. तो तिच्या मागून मागून फिरायचा. माझ्यावर त्याचं मन कधीच नव्हतं.

अठराव्या दिवशी ती मला ओळखीना. तोंड सुकलं होतं, ओठ फुटले होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी कुणाकडचे?"

मी म्हटलं, "तुझ्याकडचा."

"असं काय," म्हणाली आणि डोळे मिटलेन. एवढ्या नकला करणारा मी, पण त्या दिवशी मला रडता सुद्धा नीट आलं नाही. हसल्यासारखा आवाज निघाला.

त्याच दुपारी माझा थोरला भाऊ वाडीहून आला. वाडी आरे-वारेच्या अलीकडं, पायी दोन-अडीच तासांवर. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलंन आणि मला बाहेर घेऊन गेला.

"तुझा देव नवा हाय रे," तो म्हणाला. "त्याला हितल्या वाटा तरी ठाऊक हायत काय? वेशीवरच्या राखणदाराला सांगून बघ. बापसानं आपल्या त्यालाच सांगितलंन होतं, तू गोवरानं आडवा झाल्तास तेव्हा."

"आनि मी उठलो?"

"न्हाय तर आता काय भूत बोलतंय माझ्याबरोबर?"

शेजारणीला बायकोजवळ बसवून मी त्याच्याबरोबर गेलो. वेशीवरच्या राखणदाराच्या दगडाला नारळ दिला आणि कोंबडा कबूल केला. तोच. तुरेवाला. दुसरं होतं काय माझ्याकडं? मला वाटलं, दोघांपैकी एक तरी ऐकेल. दोघंही ऐकतील, हा विचार मी केलाच नव्हता.

एकविसाव्या दिवशी तिला घाम फुटला. एवढा की गोधडी पिळावी. अंग गार झालं, डोळे उघडलेन आणि म्हणाली, "अवो, पेजेला मीठ कुणी घातलान एवढं?" मी घातलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन कोंबड्याला मिठीच मारायला गेलो, आणि त्यानं मला चोच मारलीन. बरोबरच होतं त्याचं. त्याच्या मानेवर आता दोघांचा हात होता.

आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला. बरं केलं कुणी? प्रभूनं केलं म्हणावं तर त्याला मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, त्यानं अठराव्या दिवसापर्यंत काय केलं? राखणदारानं केलं म्हणावं तर डॉक्टरीणबाई आधीच म्हणाली होती की एकवीस दिवसांचा ताप आहे, आणि तो एकविसाव्याच दिवशी गेला. मग तिनं केलं? तिला विचारलं तर ती म्हणाली, "देवाचे उपकार मान, आणि दहा दिवस हिला भाकरी देऊ नको." म्हणजे तीही वर बोट दाखवून मोकळी. मला वाटायला लागलं, उपकार मानायचे तर ते घेणारं तरी नक्की असावं.

ती उठून बसायला लागली तेव्हा पाळकबाबा घरी आले. चटईवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, आज तू प्रार्थना कर. उपकाराची."

मी हात जोडले आणि सुरू झालो. "प्रभू, तुझे उपकार मानतो, हिला उठवलंस. आता हिला भाकरी पचू दे. हिचे केस गळतायत ते थांबव. आमचं छप्पर गळतंय तेही थांबव. मुकादमाला चांगली बुद्धी दे. माझ्या पाठीत उसण भरलीय..." असा मी कितीतरी वेळ चाललो होतो. शेवटी बायकोनं मला कोपर मारलंन.

"आमेन," मी म्हटलं.

पाळकबाबांनी डोळे उघडलेनी. मग म्हणाले, "भाऊ, तू उपकाराला बसलास आणि यादी देऊन उठलास."

"मग काय करू?"

"एक दिवस कर. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत नुसते उपकार. मागायचं काही नाही. एक शब्द नाही. बघ जमतं का. आणि सणाला उभा राहून तेवढंच सांग."

मला वाटलं, यात काय कठीण? चिरा काढण्यापेक्षा सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि मनात म्हटलं, उपकार, उठलो. मग वाटलं, पाऊस थांबला तर बरं. झालं. हे मागणं झालं की नाही? मी कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं वाटलं होतं. म्हटलं हे धरायचं नाही, पुन्हा सुरुवात. उपकार, पाऊस आहे. पण पाऊस असला की खाणीत पाणी भरतं, ते कशाचे उपकार? चहा प्यालो, उपकार. गूळ जरा जास्त असता तर. पुन्हा मागणं. वाटेत पाय घसरला, म्हटलं उपकार, मोडला नाही. टिकाव अंगठ्यावर बसला, म्हटलं उपकार, अंगठा आहे अजून जागेवर, फक्त ठणका थांबव बाबा. पुन्हा गेलं. मुकादम बघत होता. मी एकटाच ओठ हलवतोय आणि मध्येच स्वतःच्या तोंडात मारून घेतोय, हे बघून तो म्हणाला, "तुझ्या बायकोचा ताप तुला लागला की काय रे?" दुपारच्या भाकरीपर्यंत मी दमलो. सगळा दिवस चिरे काढले असते तरी एवढा दमलो नसतो. मला कळलं की माझ्या डोक्यात 'दे' खेरीज दुसरा शब्दच नाही. आणि ते काढून टाकलं तर तिथं नुसतं कातळ उरतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती हसली. आजारानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

"सगळ्या दिवसात एक पन न्हाय जमला?"

"एक जमला."

"कधी?"

"झोप लागली तेव्हा. भिंतीला टेकून."

सण जवळ आला तसा थोरला भाऊ परत आला. खाणीच्या कडेला उभा राहून त्यानं मला हाक मारलीन. "राखणदाराचं कधी देतोस?"

"दादा, सणाला प्रभूला द्यायचा हाय तो."

"कुठला तो?"

"तुरेवाला."

त्याचे डोळे एवढे झाले. "मेल्या, येकच कोंबडा दोघांना बोललास?"

"दुसरा आनून देतो राखणदाराला. त्याहून मोठा."

"बोललास तोच हवा. तिथं बदली चालत न्हाय." मग आवाज खाली करून म्हणाला, "ज्यानं उठवलान तो परत आडवी पन पाडतो. तिच्या जिवाशी खेळू नकोस. मी सांगायचं काम केलं."

तो गेला आणि मी पहार तशीच टाकून खाणीच्या कडेला बसलो. मला राखणदाराची भीती होती म्हणावं तर तेही खरं नाही. मला आठवत होतं ते तिचं "तुमी कुणाकडचे?" परत एकदा ती मला तसं विचारेल, एवढीच भीती. ज्याला द्यायचा त्याला कोंबडा देऊन टाकावा आणि ती जगावी. पण द्यायचा कुणाला? प्रभूला नाही दिला आणि त्यानंच बरं केलेलं असलं तर? राखणदाराला नाही दिला आणि त्यानंच केलं असलं तर? आणि बायकोला विचारायची सोय नव्हती. राखणदाराचं ऐकलंन असतं तर तिनं मला खोपटाबाहेर काढलंन असतं. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी एवढा गप्प कधी बसलो नव्हतो. मुकादमाला वाटलं, आता मात्र ताप लागलाच.

सणाच्या रविवारी बायको आजारानंतर पहिल्यांदा देवळात निघाली. डोक्यावरून पदर, केस गेलेले, चार पावलं टाकून थांबायची. मी कोंबड्याला काखेत घेऊन मागून. कोंबडा मी घेतला तेव्हा तिनं एकदा बघितलंन त्याच्याकडं. मग पदर सारखा केलान आणि पुढं झाली.

देवळात टेबलापुढं भाताच्या लोंब्या, नारळ, केळफूल, भोपळे. मी कोंबडा सुतळीनं बांधून तिथं ठेवला. बायबलातल्या पेत्राची गोष्ट मला नंतर कळली, प्रभूला मी ओळखत नाही असं तो सांगतो आणि कोंबडा आरवल्यावर त्याला आपलं खोटं आठवतं. माझ्या कोंबड्याला तेवढी अक्कल नव्हती. तो पाळकबाबांच्या पायाशी शिटला आणि भाताच्या लोंब्या खायला लागला.

एकेक जण उठून उपकार सांगू लागला. कुणाचा मुलगा आगबोटीनं सुखरूप आला. कुणाची गाय व्याली. सगळे थोडक्यात आणि नीट सांगत होते. मग पाळकबाबांनी माझ्याकडं बघून मान हलवलीनी.

मी उभा राहिलो. समोर सगळी मंडळी, बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. पाठ केलेलं वाक्य होतं, "प्रभूनं माझ्या बायकोला बरं केलं, त्याचे उपकार." एवढंच. ते येईना. हात मात्र आपोआप जोडले गेले, पाय जरा फाकले, छाती भरून आली, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "बा देवा म्हाराजा!"

आणि मागच्या बाकावरून, दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून, त्यांना न विचारता निघालं, "व्हय म्हाराजा!"

आमची अर्धी मंडळी माझ्यासारखीच, वाड्यांमधून आलेली. त्या सगळ्यांनी लहानपणी लांब आंब्याखाली उभं राहून तेच म्हटलेलं. मला थांबायला हवं होतं. पण गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये थांबत नाही, ते उतरणीवरच्या गाड्यासारखं असतं.

"आज ही तुजी लेकरं हितं गोळा झायली हायत!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धी मंडळी.

"त्यातल्या येका लेकराची घरधनीन एकवीस दिस तापानं आडवी होती, ती तू उभी केलीस!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी. पाळकबाबांचे ओठ पण हलले, मी बघितलं. त्यांचं बालपण राजापुराकडचं.

"पन त्या लेकरानं भिऊन, येडेपनानं, येकच कोंबडा तुला बी कबूल केला असंल आनि वेशीवरच्या राखणदाराला बी कबूल केला असंल..."

"व्हय म्हा..."

आणि सगळं देऊळ गप्प झालं. बाहेर खारीचा आवाज ऐकू यायला लागला. कोंबडा खायचा थांबला. मी हात जोडलेले तसाच उभा. गाऱ्हाण्यात पुढचं वाक्य असतं, "ती चूक पदरात घे." मी तेवढं बोलायला तोंड उघडलं.

पाळकबाबा शांतपणे म्हणाले, "मग भाऊ, आता हा कोंबडा कुणाचा?"

मी म्हटलं, "तेच तर मला कळंना, बाबा. म्हनून बोललो."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची म्हातारी, मंडळीतली सगळ्यात जुनी, डोळ्यांनी अधू, काठी आपटून म्हणाली, "अरे मेल्या, कोंबडा तिचा ना? अंड्यापासनं वाढवलान तिनं. तिला विचारलास काय?"

सगळ्यांची तोंडं बायकांच्या बाजूला वळली. मी विचारलं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं. दोन देवांना विचारलं, भावाला विचारलं, डॉक्टरीणबाईला विचारलं. जिचा कोंबडा तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

बायको उठली. हळूहळू टेबलापाशी गेली, सुतळी सोडलीन, कोंबडा काखेत घेतलान आणि दाराकडं निघाली. माझ्याजवळून जाताना थांबली. "मी काय बाजारातला कोहळा हाय?" हळूच म्हणाली, पण देऊळ गप्प होतं, सगळ्यांनी ऐकलं. "हितं येवढ्याला, तितं तेवढ्याला?" आणि गेली. पाळकबाबांनी भजन सुरू केलंनी. मला सूर लागेना. मी बाहेर पडलो, तिच्या मागून, पण जवळ जायचं धाडस झालं नाही. सगळी वाट तिच्या काखेतून कोंबडा माझ्याकडं बघत होता.

घरी गेल्यावर ती बसली, दम लागला होता. मी पाणी दिलं. प्याली.

"अवो, खरं सांगा. मी मेली असती तर उपकार मानले असतेत?"

मी पुष्कळ विचार केला. पुढ्यात बायको बसलेली, खोटं बोलून उपयोग नव्हता. "न्हाय," म्हटलं.

"मग जगली म्हनून मानता ते काय?"

"ठाऊक न्हाय."

"मला पन ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "मी तापात काय प्रार्थना केली, ठाऊक हाय? नुसती आये आये करत होती. आनि पाळकबाबा सगळ्यांना सांगतात, किती विश्वासाची बाई." मी तिच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. कोंबडा मध्येच फिरत होता. त्या दिवसापासून तो कुणाचाच झाला नाही. प्रभूचा नाही, राखणदाराचा नाही. आणि मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावायला लागलो. मच्छर बसलाय. कुंकू पुसलंय. "अवो, मी ख्रिस्ती झाल्यापासनं कुंकू लावते कुठं?" ती म्हणायची. म्हटलं तेच, पुसलंय.

पौषात एका दुपारी खाणीतून आलो तर ती तीन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. कपाळ भाजत होतं. मी धावत दवाखान्यात गेलो, डॉक्टरीणबाईनं कोयनेलचं कडू औषध दिलंन, म्हणाली थंडीताप दिसतोय, पण मागल्या आजारानं अंगात काही उरलेलं नाही, लक्ष ठेव. कोयनेल दिलं तिला. मग चुलीपाशी बसलो. आणि भावाचा आवाज कानात यायला लागला. ज्यानं उठवलान तो परत आडवी पन पाडतो. दोघांचंही राहिलेलं. मी उठलो, पाटीखालून कोंबडा काढला, काखेत घेतला आणि दाराकडं निघालो. मला वाटलं, ती झोपली असेल. नव्हती.

"कुठं चाललात?"

"परसाकडं."

"कोंबडा घेऊन?"

मी दारात उभा.

ती गोधडीतून तोंड बाहेर काढून बघत होती. दात वाजत होते. "जायचं तर जावा. मी धरून न्हाय ठेवनार. तुमी माज्यासाठीच चाललाय, ते मला कळतं. पन मी बरी झाली तर ती कोंबड्यानं झाली असं तुमाला जलमभर वाटंल. मग मी तुमची बायको कुठली? तुमी मला दिसामाजी बघाल आनि कोंबडा आठवंल."

मी तिथंच उभा राहिलो. कोंबडा माझ्या काखेत ओरडला नाही, तोही वाट बघत असावा. मग मी त्याला खाली ठेवला. का ठेवला? विश्वास बसला म्हणून, असं पाळकबाबा नंतर मंडळीत सांगत. मी तेव्हा काही बोललो नाही. विश्वास वगैरे नव्हता. मला एकटी टाकून जाववेना तिला, एवढंच होतं. अडीच तास जायला, अडीच यायला, आणि तेवढ्यात तिनं कुणाला तरी विचारलंन असतं, तुमी कुणाकडचे, तर सांगायला मी तिथं नसतो.

मी चुलीवर पेज ठेवली. तिच्या उशाशी बसलो. प्रार्थनेला हात जोडले आणि मागायला काही शब्दच सापडेनात. बरं कर म्हणायचं होतं, पण तोंडात आलं की मागं मी ते कसं म्हटलं होतं ते आठवायचं, कोंबड्यासकट. शेवटी मी नुसतं म्हटलं, "उपकार."

हा थंडीताप होता, कोयनेलनं चार दिवसांत गेला, ती पुढं पुष्कळ वर्षं माझं ऐकून न ऐकल्यासारखं करत जगली, आणि ही लिहून घेणारी मुलगी त्यानंतर झाली. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कपाळ भाजतच होतं.

तिनं डोळे उघडलेन. "कशाचे उपकार? ताप तर हाय."

"ठाऊक न्हाय गो. आलं तोंडात."

"काय मागितलंत त्याच्याबरोबर?"

"काय न्हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी परत चेष्टा करतोय की काय अशी. मी चेष्टा करत नव्हतो. मला स्वतःलाच कळत नव्हतं मी काय करतोय. मी पेज वाढून तिच्या पुढ्यात धरली. तिनं दोन घोट घेतलेन, तोंड वाकडं केलंन.

"अळणी हाय," म्हणाली.

मी मीठ आणायला उठलो.